राखाडी घर आणि गेरूचा चौकोन

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाचं वाढताना एक काकू मला म्हणाल्या, "तुझं घर म्हणे अगदी मासिकातल्यासारखं आहे! आपल्या अंकात लिही की त्यावर. नवी घरं घेणाऱ्या पोरापोरींना उपयोग होईल." माझ्या हातात मठ्ठ्याची बादली होती आणि पंगत खोळंबली होती, म्हणून मी "हो हो, लिहीन" म्हणून पुढे सरकले. लिहायला वर्ष लागलं, कारण काकूंनी ज्या घराचे फोटो पाहिले होते ते घर आता उरलेलं नाही. म्हणजे पत्ता तोच आहे, माणसंही तीच. बाकी बरंच बदललं. ते का बदललं, ते सांगते.

आधी माझ्याविषयी. मी कॉम्प्युटरची बी. ई., बडोद्यातच शिकले, इथेच एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. गृहसजावटीचं शिक्षण शून्य. माझं सासर दांडिया बाजारातलं. चार पिढ्यांपूर्वी हे घराणं गायकवाडी नोकरीसाठी कोकणातून इथे आलं आणि तेव्हापासून एकाच वाड्यात राहिलं. सासू-सासऱ्यांना मी आई-बाबाच म्हणते, तेव्हा लेखात पुढे आई-बाबा आले की ते हे, हे लक्षात ठेवा.

वाडा भाऊबंदांनी मिळून विकायचा ठरवला. पाच वाटेकरी, त्यातले तीन पुण्या-मुंबईत, एक कॅनडात. जिने खिळखिळे झाले होते, पावसाळ्यात माजघरात तीन ठिकाणी पातेली ठेवावी लागत. आम्ही 2021 च्या शेवटी भायलीच्या बाजूला फ्लॅट घेतला आणि आई-बाबांना म्हटलं, आता तुम्हीही चला. ते आले. "तुमचं घर आहे, तुम्हाला हवं तसं सजवा, आम्हाला काय दोन खोल्या पुरे," असं आई म्हणाल्या. मी ते शब्दशः घेतलं. सुनांनो, असलं वाक्य कधी शब्दशः घेऊ नका.

घर ताब्यात येण्याआधी सहा महिने मी फोनवर फक्त घरंच बघत होते. त्या वर्षी सगळीकडे राखाडीचं राज्य होतं. पॅन्टोन ही रंगांची कंपनी दरवर्षी 'या वर्षाचा रंग' जाहीर करते. 2021 साठी त्यांनी दोन रंग निवडले होते, एक राखाडी आणि एक उजळ पिवळा. मग काय, माझ्या कागदावर तेच उतरलं. कागद म्हणजे एक्सेल. लोक दुकानात जाऊन रंग बघतात, मी रंगांचे हेक्स कोड लिहून घेतले होते. भिंती फिकट राखाडी, सोफ्यामागची भिंत जरा गडद राखाडी, फरशी दोन बाय चार फुटांची, चकचकीत, राखाडी. सोफा राखाडी. पडदे पांढऱ्यावर राखाडी त्रिकोणांचे. स्वयंपाकघराचा ओटा पांढरा, वरच्या टाइल्सही पांढऱ्या. स्विचबोर्डच्या पट्ट्यासुद्धा 'मॅचिंग' हव्यात म्हणून पांढऱ्याऐवजी राखाडी मागवल्या. आणि या सगळ्यावर शिंतोडे उडावेत तशा सहा पिवळ्या उशा.

रंग देणारे भाई पहिला हात मारून खाली उतरले, दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "बेन, आ बधुं एकसरखुं लागे छे." मला वाटलं, यांना काय कळतंय!

छताला जिप्समचं फॉल्स सीलिंग केलं, त्याच्या कडेने लपवलेले पिवळसर दिवे. 'मूड लाइटिंग'. गृहप्रवेशाच्या दिवशी काढलेल्या फोटोंना इतके लाइक मिळाले की माझ्या लग्नाच्या फोटोंनाही मिळाले नव्हते.

रंग बघून घेण्याचं वेड असलेल्या माणसाला एक साधी गोष्ट दिसली नाही. वाड्यात आई रोज सकाळी ओट्यावर रांगोळी काढत. आठवड्यातून एकदा ओट्याचा चौकोन गेरूने सारवायचा आणि त्यावर पांढरी रांगोळी: ठिपके, मग कमळ, गोपद्म, नाहीतर नुसती स्वस्तिकाची दोन बोटं. नव्या घरी पहिल्या दिवशी त्यांनी दारासमोर बसून रांगोळी काढली, उठून उभ्या राहिल्या, वाकून पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. फिकट राखाडी चकचकीत फरशीवर पांढरी रांगोळी दिसतच नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत जाताना तिच्यावरूनच गेला. त्याच्या बुटांना रांगोळी लागलेली पाहून आम्हाला कळलं की तिथे रांगोळी होती.

मी लगेच उपाय केला. इंटरनेटवरून रंगीत मोराचं रांगोळीचं स्टिकर मागवलं आणि दारात चिकटवलं. "बघा आई, रोजची मेहनत नको." आई म्हणाल्या, "छान आहे." त्यानंतर त्यांनी रांगोळीचा डबा वरच्या कपाटात ठेवून दिला.

अशा बारीक गोष्टी बऱ्याच होत्या, पण एकेकट्या असल्याने त्यांची बेरीज कुणी केली नाही. बाबा रात्री दिव्याचं बटण शोधताना भिंतीवर हात फिरवत. पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप ठेवायला जाताना आईंचा अंदाज चुके आणि कप कडेवर टेकून कलंडे. चपलांच्या राखाडी कपाटाला दोघांचेही गुडघे आपटून झाले होते. आई वाड्यात गोधड्या शिवत. इथे त्यांनी सुई हातात घेतली नाही. विचारलं तर "आता वय झालं" म्हणत. बाबा म्हणत, "नवीन घर आहे, सवय होईल." आम्हीही तेच म्हणत होतो.

श्रावणातली गोष्ट. रात्री दोन वाजता बाबा बाथरूमला गेले. आमच्या बाथरूमची जमीन बाहेरच्यापेक्षा साधारण दोन इंच खाली आहे, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. आत, बाहेर आणि मधल्या कडेला मी एकच टाइल लावून घेतली होती, 'सलग दिसावं' म्हणून. मासिकांत तसंच असतं. बाबांना वाटलं जमीन सपाट आहे. पाय दोन इंच खाली गेला, तोल गेला, आणि त्यांनी हात टेकला. मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला लागलं नाही हे नशीब. सहा आठवडे प्लास्टर. बाबा उजव्या हाताचे, म्हणजे जेवणापासून सहीपर्यंत सगळंच अडलं. दवाखान्यात मला बघून ते अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "अगं, पायरी दिसलीच नाही." जणू चूक त्यांचीच होती.

आता माझी लाज वाटण्याची खरी गोष्ट सांगते. माझ्या नोकरीतला एक भाग म्हणजे वेबसाइट आणि ॲप सगळ्यांना वापरता येतं की नाही ते तपासणं: कमी दिसणाऱ्यांना, वयस्करांना, उन्हात फोन धरणाऱ्यांना. त्यासाठी जगभर पाळले जाणारे नियम आहेत. त्यात कॉन्ट्रास्टचा, म्हणजे रंगफरकाचा, एक आकडा असतो. पांढऱ्यावर काळं असेल तर तो 21 येतो, म्हणजे सर्वांत जास्त. दोन्ही रंग एकच असतील तर 1. साध्या मजकुराला निदान 4.5 लागतो, बटणाला किंवा चिन्हाला निदान 3. बाबांचं प्लास्टर झालं त्याच आठवड्यात मी एका नवीन मुलाचं काम परत पाठवलं होतं, कारण त्याने पांढऱ्यावर फिकट राखाडी बटण ठेवलं होतं. मी त्याला लिहिलं होतं, 'हे बटण माझ्या सासऱ्यांना दिसणार नाही.' चेष्टेत लिहिलं होतं.

त्या रात्री मी रंगाचं कार्ड काढलं. बऱ्याच कंपन्यांच्या कार्डावर किंवा साइटवर प्रत्येक छटेचा एक आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला किती परत फेकते, त्याचा तो आकडा: शुद्ध काळा 0, शुद्ध पांढरा 100. माझ्या भिंतीचा 58. स्विचच्या पट्टीचा मी अंदाजे 50 धरला. त्यावरून काढलेला कॉन्ट्रास्ट आला 1.15. बाथरूमच्या कडेचा काढायची गरजच नव्हती. टाइल एकच, म्हणजे 1. ऑफिसात 2.9 ला मी काम परत पाठवते, आणि घरात आई-बाबांना 1 वर चालवत होते.

वयाबरोबर डोळ्यांचं काय होतं तेही मी तेव्हा वाचलं. बाहुली लहान होत जाते. डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि धूसर होतं, मोतीबिंदू नसला तरी. त्यामुळे साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, असं मानतात. निळे, जांभळे, राखाडी फिके रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. उलट चकचकीत जमिनीवरचं प्रतिबिंब जास्त टोचतं. म्हणजे माझ्या घरात आई-बाबांना एकाच वेळी अंधारही होता आणि डोळे दिपणंही होतं.

मी आईंना हे सगळं आकड्यांसकट समजावत होते. आई शेंगा सोलत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणून तर गेरू लावतात."

मी गप्प झाले. फोनच्या कॅमेऱ्याने जुन्या फोटोतला गेरू आणि रांगोळीचे रंग मोजले. ढोबळच, पण कॉन्ट्रास्ट 6 च्या आसपास आला. नव्या दारातला 1.4. गेरूवर पांढरं, हे वारली चित्रांतही तेच. कुणीतरी आपल्या पणजीच्या पणजीला नियम शिकवला नव्हता. तिला पहाटेच्या अर्धवट उजेडात आपली रांगोळी दिसायला हवी होती, एवढंच.

मग आम्ही घर पुन्हा सजवलं. या वेळी 'आम्ही' म्हणजे खरंच आम्ही.

सर्वांत आधी स्वस्त कामं, आणि माझ्या मते महत्त्वाचीही तीच. बाथरूमच्या कडेवर गडद तपकिरी रंगाची, न घसरणारी रुंद पट्टी लावली. आत धरायला स्टीलचा दांडा. तोही भिंतीवर दिसावा म्हणून काळा. स्विचबोर्डांच्या पट्ट्या बदलून गडद केल्या. रात्री आपोआप लागणारे छोटे दिवे बिछान्यापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत. पांढऱ्या ओट्याच्या कडेला लाकडी पट्टी, आणि आई-बाबांचे चहाचे कप निळे. हे सगळं दोन रविवारांत झालं आणि खर्च एका पिवळ्या उशांच्या सेटपेक्षा फार जास्त आला नाही. (त्या उशा भलत्याच महाग होत्या.) इमारतींसाठीच्या ब्रिटिश मानकांत म्हटलंय की भिंत-दार, जमीन-भिंत अशा महत्त्वाच्या जागी दोन्हींच्या एलआरव्हीत निदान 30 चा फरक असावा. मी आता रंगाचं कार्ड त्या आकड्यासाठी उलटते, नाव नंतर बघते.

मग रंग. रंग निवडायच्या आधी मी आईंना घेऊन रावपुऱ्यातल्या तांबेकरांच्या वाड्यात गेले. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता तेव्हा मी एकदाच गेले होते, शाळेच्या सहलीत. तुम्ही बडोद्याचे असाल आणि गेला नसाल तर आधी जाऊन या, मग पुढचं वाचा. भिंतींवर, दारांवर चित्रंच चित्रं: कृष्णाच्या कथा, महाभारत, लढाया, रोजचं जगणं. आई चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघत होत्या. म्हणाल्या, "रंग किती आहेत, पण गोंधळ नाही होत." खरंच होत नव्हता. लाकडी चौकटी गडद, भिंत फिकट, चित्रातलं माणूस मागच्या रंगापासून वेगळं. मी आतापर्यंत समजत होते की भडक आणि शांत अशा दोनच जाती असतात. एखादं घर रंगीत असूनही शांत असू शकतं, हे मला तिथे पटलं.

परत येताना रिक्षात आई म्हणाल्या की त्यांच्या लग्नाच्या वेळी दिवाणखान्यात रविवर्म्याची छापील लक्ष्मी आणि सरस्वती होती. राजा रविवर्म्यांनी बडोद्याच्या राजघराण्यासाठी चित्रं काढली, 1890 साली पूर्ण झालेल्या लक्ष्मी विलास राजवाड्यात ती आजही आहेत. आणि नंतर स्वतःचा छापखाना काढल्यावर तीच देवदेवतांची चित्रं घरोघर पोचली. आमच्या त्या तसबिरी वाटणीत एका चुलत सासऱ्यांकडे गेल्या. त्या मागायच्या का, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

आता ज्यांना खरंच 'ट्रेंड' हवा आहे त्यांच्यासाठी थोडं. मीसुद्धा अजून बघते, सोडलेलं नाही. सध्याचे लाडके रंग म्हणजे टेराकोटा, सेज, आणि कॉफीचे तपकिरी. पॅन्टोनने 2025 साठी 'मोका मूस' नावाचा तपकिरी निवडला. मी आईंना कार्ड दाखवलं. टेराकोटाला त्या म्हणाल्या, "गेरू." सेजला, "शेवग्याच्या पाल्यात ताक पडल्यावर असतो तो." मोका मूसला, "बासुंदी तळाला लागली की." आमच्या घरात आता रंगांची हीच नावं आहेत. दिवाणखान्याच्या तीन भिंती दुधाळ पांढऱ्या, एक शेवगा-ताक. दारांच्या चौकटी लागलेली बासुंदी. बाबांच्या खोलीत दाराची चौकटच नाही तर दारही गडद, म्हणजे रात्री झोपेतून उठल्यावर दार कुठे आणि भिंत कुठे ते दिसतं.

या वेळी कोड लिहून घेतले नाहीत. प्रत्येक रंगाचा छोटा डबा आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचे चौकोन रंगवले, दोन हात देऊन, आणि तीन दिवस बघितले: सकाळी आठला, दुपारी एकला, आणि रात्री दिवे लावून. कार्डावरचा इंचभर तुकडा आणि पूर्ण भिंत यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. भिंतीवर रंग कार्डापेक्षा जास्त जोरकस वाटतो. आमची पश्चिमेची खिडकी आहे, बडोद्याचं दुपारचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. टेराकोटाचा चौकोन दुपारी तीन वाजता असा पेटला की नवरा म्हणाला, "वीटभट्टीत राहायला आल्यासारखं वाटतंय." तो रंग भिंतीवरून बाद झाला. पडद्यांत मात्र आला.

दिव्यांचं मी साफ चुकवलं होतं. लपवलेले दिवे फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांच्या उजेडात डाळ निवडता येत नाही. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: 2700-3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे निळसर पांढरा. त्याशेजारी सीआरआय लिहिलेला असला तर तो 90 च्या वर बघा, म्हणजे रंग खरे दिसतात. दुकानात जुळलेलं कापड घरी आणल्यावर जुळत नाही, यामागे बहुतेक वेळा दिवाच असतो. आता खोलीला 3000 चे साधे दिवे भरपूर लावलेत, आणि आईंच्या खुर्चीच्या डाव्या खांद्यामागून येणारा 4000 चा एक उभा दिवा. तो आणला त्या आठवड्यात त्यांनी नातवाकडून सुईत दोरा ओवून घेतला. पुढच्या आठवड्यात स्वतः ओवला. वय झालं नव्हतं, उजेड कमी होता.

त्यांनी शिवलेली पहिली गोधडी त्यांच्याच जुन्या नऊवारीची, हिरवी, लाल काठाची. ती आता राखाडी सोफ्याच्या पाठीवर आहे. सोफा बदलायला पैसे नव्हते हो, आणि खरं सांगायचं तर राखाडी रंग वाईट नाहीच. त्याच्या शेजारी त्याच्याहून वेगळं काही असलं की तो छान दिसतो.

नक्षीचंही असंच. खोलीत एक नक्षी मोठी, एक मध्यम, एक बारीक, आणि तिन्हींत एक तरी रंग समान, एवढं सांभाळलं की बहुतेक जमतं. आमच्याकडे मोठी नक्षी पडद्यांवर आहे, ती कच्छच्या अजरखची, निळी-तांबडी. मध्यम गोधडीचा काठ. बारीक टाके. जमिनीवर मात्र नक्षी नको. ज्याला कमी दिसतं त्याला गालिच्यावरचा काळा ठिपका खड्डा वाटतो, पट्टे पायरीसारखे वाटतात. आमचा गालिचा एकरंगी आहे, फरशीपेक्षा चांगला गडद, खाली न घसरणारी जाळी.

याच फरशीवरून एक हळहळ. मी स्वयंपाकघरात 'मोरोक्कन' नक्षीचे स्टिकर लावले होते. वाड्याच्या मधल्या खोलीत सिमेंटच्या खऱ्या नक्षीदार टाइल्स होत्या, लाल-पिवळी-काळी फुलं. असल्या टाइल्स भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंटचा काही मिलिमीटरचा थर ओतून, मागे कोरडं सिमेंट भरून, दाबून काढतात, म्हणून शंभर वर्षं पाय पडले तरी फूल पुसत नाही. वाडा पाडताना मी एक तरी मागून घ्यायला हवी होती. तेव्हा मी पिवळ्या उशांची डिलिव्हरी कधी येते ते बघत होते.

झोपाळा मात्र वाचला. सागवानी फळी, पाच फूट, पितळी कड्या, प्रत्येक कडीत एक पोपट नाहीतर हत्ती. तो शेजारच्या गोदामात ठेवून आलो होतो, कारण माझ्या एक्सेलमध्ये त्याला जागा नव्हती. प्लास्टर निघाल्यावर बाबांनी एकदाच, सहज, विचारलं, "झोपाळा काय केला?" मी छताकडे पाहिलं. फॉल्स सीलिंग. फोन करून बिल्डरच्या सुपरवायझरला विचारलं तर तो हसायलाच लागला. गुजरातेत हिंचक्याशिवाय घर कोण घेतं? स्लॅबमध्ये चार हुक त्यांनी आधीच दिलेले होते. ते मीच जिप्समच्या मागे गाडले होते.

ठोकून ठोकून जागा शोधली, छताला चार भोकं पाडली. एक भोक चुकीच्या जागी पडलं, त्याची डागडुजी अजून वाकडी दिसते. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे हवेत म्हणून मधलं काचेचं टेबल गेलं. चिंचेने घासून पितळ चकचकीत झालं. आता बाबा सकाळी तिथे पेपर वाचतात आणि मनगटाचा व्यायाम म्हणून कडी धरून हळूहळू झोका घेतात. नवऱ्याचा लहानपणीचा संखेड्याचा पाळणाही आला, तपकिरी-सोनेरी. त्यातलं सोनेरी म्हणजे सोनं नव्हे. कथलाच्या रंगाने काढलेली नक्षी लाखेच्या थराखाली सोनेरी दिसते. त्यात सध्या मुलाची खेळणी आहेत. रोज संध्याकाळी त्यात काय कोंबलंय ते बघून आई म्हणतात, "याच्या बापाने इतकी अडगळ नव्हती केली पाळण्यात."

दारातला मोर उरला होता. दसऱ्याच्या आधी आई म्हणाल्या, "तो काढ आता." मी ब्लेडने खरवडला, तेल लावलं, रॉकेल कुठून तरी मिळवलं, हेअर ड्रायरने गरम केला. मोर गेला. डिंकाचा मोराच्याच आकाराचा धूसर डाग मात्र काही जाईना. सोसायटीच्या कॉमन जागेत गेरू लावता येईल का, हा प्रश्न मी कमिटीच्या ग्रुपवर टाकणार होते. त्याआधीच आईंनी प्लायवुडचा दोन फुटी तुकडा सुताराकडून आणवला, गेरूने सारवला आणि डागावर ठेवून दिला.

त्यावर रोज रांगोळी असते. समोरच्या फ्लॅटमधल्या बेन परवा विचारत होत्या, "आ लाल बोर्ड क्यांथी मंगाव्यो, ऑनलाइन?" आईंनी त्यांना गेरूची पुडी दिली आणि किती पाणी घालायचं ते सांगितलं. डाग अजून खालीच आहे.